एकशेचव्वेचाळिसावा पूल

चूक दिसली की माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे जातो. त्याला माझा इलाज नाही. एकतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या की माणसाला स्वतःच्या दिसेनाशा होतात, असं माझ्या बायकोचं मत आहे. ती माझ्याबरोबर हॉटेलात यायला तयार नसते. एकदा मी मेनूकार्ड तपासून, समासात 'दुरुस्त करून पुन्हा दाखवणे' असं लिहून वेटरच्या हातात दिलं होतं. त्याने ते मालकाला दाखवलं आणि मालकाने आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. बटाट्याचं स्पेलिंग त्या हॉटेलात आजही चुकीचंच आहे.

तर 'आपल्या शहरातील पूल' ही पालिकेची पुस्तिका तपासायला माझ्या टेबलावर आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आमच्या शहरात दोन नद्या आणि अकरा कालवे. इथे माणूस दूध आणायला निघाला तरी दोन पूल ओलांडून जातो. पुस्तिकेत एकूण एकशे त्रेचाळीस पूल होते, प्रत्येकाचा इतिहास होता आणि प्रत्येक इतिहासात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मी आठ दिवस सुखात होतो.

इतिहासही मोठा मजेदार. एक पूल दोन कंत्राटदारांनी दोन काठांवरून बांधायला घेतला. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. नदीच्या मधोमध दोन्ही अर्धे भेटले, तेव्हा एक दुसऱ्यापेक्षा वीतभर वर निघाला. आजही तिथे गाडी आदळली की सगळ्या प्रवाशांच्या माना एकदम हलतात, म्हणून त्याचं नाव होकाराचा पूल. दुसरा एक पूल उद्घाटनाचं सातवं भाषण चालू असताना खचला. तेव्हापासून शहरात पुलावर भाषण करायला मनाई आहे. ही मनाई जमिनीवरही लागू करावी, असं मला बरेचदा वाटतं. तिसऱ्या एका पुलाखालचा कालवा बुजवून तिथे बाग केली, पण पूल तसाच ठेवला. लोक फुलांच्या ताटव्यावरून पूल चढतात आणि उतरतात. मी स्वतः कित्येकदा चढलो-उतरलो आहे आणि खाली पाणी नाही हे मला पुस्तिका वाचून कळलं.

शेवटचं पान उलटलं आणि मला चूक सापडली. आमचा पूल त्यात नव्हता.

आमच्या गल्लीच्या टोकाला, शेवटच्या कालव्यावर, एकोणीस पावलांचा एक पूल आहे. खाली दोन लोखंडी तुळया, वर सव्वीस फळ्या, दोन्ही बाजूंना कमरेइतका कठडा. समोरून माणूस आला की दोघांपैकी एकाने पोट आत घ्यायचं असतं. पुलाला नाव नाही. आम्ही नुसतं 'पूल' म्हणतो. गल्लीत बिऱ्हाडं सव्वीस, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाची एक फळी. हे कोणी आणि कधी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नाही. फळी कुजली किंवा सैल झाली तर ज्याची त्याने बदलायची. घर सोडून जाणारा माणूस नव्या भाडेकरूला किल्ली देतो, पाण्याची वेळ सांगतो आणि फळी दाखवतो.

आमच्या बाजूने तिसरी फळी आमची. ती अकरा वर्षं सैल आहे. मी ती बदलणार आहे, त्याबद्दल कोणी शंका घ्यायचं कारण नाही. तोपर्यंत गल्लीने सवय करून घेतली. पुलावर चढलं की दोन पावलं टाकायची आणि मग एक ढांग. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, हातात पिशव्या असलेल्या बायका, सगळे न बघता तिथे ढांग टाकतात. गल्लीतलं कुत्रंही तिथे उडी मारतं.

पुलापलीकडच्या पहिल्या घरात माझी थोरली बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. एकटीच असते. उजवा गुडघा वाकत नाही आणि स्वभावही वाकत नाही. रोज सव्वाचारला ती कठडा धरून पूल ओलांडते, आमच्याकडे चहा घेते, माझं काय काय चुकतं ते सांगते आणि साडेपाचला परत जाते. तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत एकसष्ट पावलं. हा आकडाही तिनेच काढलेला आहे.

मी चहाच्या वेळी जाहीर केलं, की आपला पूल यादीतून सुटला आहे आणि मी पालिकेला तसं कळवणार आहे.

"अहो, नसेल छापला," बायको म्हणाली. "पुलाला काय कळतंय? त्याच्यावरून जाता येतंय ना?"

"आधी ती फळी ठोक," अक्का म्हणाली. "मग काय ते इतिहास लिही."

"अक्का, हा फळीचा प्रश्न नाही. हा नोंदीचा प्रश्न आहे."

"नोंदीत पाय नाही अडकत. फळीत अडकतो."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब साखर मागायला आले. वकिली सोडून त्यांना नऊ वर्षं झाली, पण सल्ला मागेल असा माणूस ते अजून शोधत असतात; आणि न मागणारा सापडला तरी त्यांचं भागतं. "तोंडी मुळीच सांगू नका," ते खुर्ची ओढत म्हणाले. "लेखी द्या. आणि एका ठिकाणी नाही, सहा ठिकाणी प्रती द्या. एक प्रत दिली तर ती हरवते. सहा दिल्या तर सहाही जण घाबरतात."

मी सहा प्रती दिल्या. पूल विभाग, कालवे विभाग, रस्ते विभाग, उद्यान विभाग, अग्निशमन दल आणि महापौर. 'सदर पूल निदान शंभर वर्षांचा असून यादीतून अनवधानाने गळला आहे,' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'अनवधानाने' हा शब्द मी मुद्दाम सौजन्य म्हणून घातला होता.

बारा दिवसांनी उत्तर आलं. पालिकेचं उत्तर बारा दिवसांत येतं तेव्हाच माणसाने सावध व्हायला हवं. 'आपल्या पत्रावरून यादी तपासण्यात आली. यादी बरोबर आहे. पूल चुकीचा आहे. सदर बांधकामाची कोणतीही नोंद या कार्यालयात नसल्याने ते अनधिकृत ठरते. ते तीस दिवसांत काढून टाकण्यात येईल. ही बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार.'

त्याच मजकुराची एक मोठी नोटीस गल्लीच्या तोंडाशी चिकटवली होती. तिच्यात 'तक्रारदार' या शब्दापुढे माझं नाव होतं. माझ्या आडनावात एक काना जास्त होता. खिशातली पेन्सिल निघाली, पण आसपास लोक उभे होते, म्हणून मी ती परत ठेवली.

गल्लीने माझ्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती सभ्य झाली. जिन्यात लोक बाजूला होऊन मला आधी जाऊ देऊ लागले. इस्त्रीवाला माझे शर्ट हातात देत म्हणाला, "साहेब, पुढच्या आठवड्यापासून पलीकडच्याकडे टाका." मग थोडा विचार करून म्हणाला, "पण पलीकडे जाणार कसे म्हणा!" वकीलसाहेबांना मी सहा प्रतींची आठवण करून दिली. "मी प्रती द्या म्हटलं," ते म्हणाले. "पत्र लिहा असं मी कुठे म्हटलं?"

अक्का मात्र सव्वाचारला आली, नोटिशीतला मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, चहा संपवला. मोठ्या पुलावरून वळसा घेऊन यायचं तर मला पंचवीस मिनिटं लागतात आणि वाटेत चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. तिच्या गुडघ्याला त्यातल्या चारही झेपल्या नसत्या.

"लेक कधीची बोलावते आहे," ती उठता उठता म्हणाली. "जाईन म्हणते तिच्याकडे राहायला."

"आमच्याकडे या की, वन्सं," बायको म्हणाली.

"तुमच्याकडे? दोन खोल्यांत? आणि हा दिवसभर डोळ्यांसमोर?" एवढंच बोलून ती गेली. माझं काय चुकलं ते तिने सांगितलं नाही. तिच्या लेकीचं गाव दिवसभराच्या प्रवासावर आहे.

ही बाई माझ्या मागे लागलेली साडेसाती आहे, असं मी आयुष्यात शंभरदा म्हटलं असेन. पण आई गेल्यावर पाटी मांडीवर घेऊन मला अक्षरं शिकवली ती तिने. माझी पहिली चूक तिने काढली आणि ती खोडायला बोटही तिनेच धरलं. सव्वाचार वाजले आणि ती आली नाही, असा एक दिवस मी मनात धरून पाहिला. मला तो धरवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पूल विभागाच्या दप्तरात गेलो. दप्तर चौथ्या मजल्यावर आहे, कारण तळमजल्यावरचं दोनदा कालव्यात वाहून गेलं. तिथे एक दप्तरवाल्या बाई होत्या. त्यांच्या भोवती एकशे त्रेचाळीस पुलांच्या फायली होत्या आणि एकही न उघडता त्या सगळं सांगू शकत होत्या.

"तुमच्या पुलाची पहिली दुरुस्ती कधी झाली?" त्यांनी विचारलं.

"तशी झालेलीच नाही. म्हणजे पालिकेकडून नाही. आम्हीच फळ्या बदलतो."

बाईंनी चष्मा काढला. "तिथेच चुकलात. अहो, पूल बांधला म्हणून आमच्याकडे फाईल होत नाही. बांधणाऱ्याची फाईल होते. ती दहा वर्षांनी रद्दीत जाते. पुलाची फाईल उघडते ती पहिल्या दुरुस्तीला. पूल मोडला की त्याला नंबर पडतो."

"आणि मोडलाच नाही तर?"

"मग तो नाही."

मी आठ दिवस ज्याला शहराचा इतिहास समजून तपासत होतो, तो मोडतोडीचा इतिहास होता, हे मला त्या टेबलापाशी उभ्या उभ्या कळलं. जो पूल दर वर्षी खचतो त्याच्या अकरा फायली. ज्याने शंभर वर्षांत कोणाला त्रास दिला नाही, तो जन्मालाच आलेला नाही. मी पुलाची तक्रार नोंदवायची तयारी दाखवली. बाईंनी तक्रारीचा फॉर्म पुढे केला. पहिलाच रकाना : पुलाचा क्रमांक.

"क्रमांक नाही म्हणून तर तक्रार करायची आहे."

"क्रमांकाशिवाय तक्रार नाही, तक्रारीशिवाय दुरुस्ती नाही आणि दुरुस्तीशिवाय क्रमांक नाही," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला थर्मासच्या झाकणातून अर्धा चहा दिला.

वकीलसाहेबांचं मत पडलं, की पूल जुना असल्याचा पुरावा हवा, फोटो चालतील. गल्लीभर हिंडून आम्ही फोटो गोळा केले. गेल्या साठ वर्षांत गल्लीतला प्रत्येक माणूस कधी ना कधी पुलावर उभा राहून फोटो काढून आला होता. पण फोटो माणसांचे होते. अक्काच्या लग्नातला एक मोठा फोटो निघाला. त्यात सदतीस माणसं दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्यामागे पूल असणार, अशी आमची सगळ्यांची खात्री होती. कोपऱ्यात कठड्याचं एक टोक दिसत होतं. वकीलसाहेबांनी भिंग लावून पाहिलं, तर ती एका काकांची काठी निघाली.

असे अठ्ठावीस दिवस गेले. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता पालिकेचे इंजिनिअर आले. माणूस तरुण, नम्र, पायात नवे कोरे बूट. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात लाल रंगाचा डबा. पाडायच्या बांधकामावर आधी लाल फुली मारतात. सगळी गल्ली पुलाच्या तोंडाशी जमली होती. पलीकडे अक्का दारात उभी होती. तिच्या मागे, दोरीने बांधलेली तिची पेटी मला स्पष्ट दिसत होती.

"साहेब, किती मजबूत आहे ते बघा तरी," इस्त्रीवाला म्हणाला आणि कपड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन पुलावरून जाऊन आला. मग वकीलसाहेब गेले. मग माझी बायको गेली. सगळ्यांनी दोन पावलं टाकली, ढांग टाकली आणि पुढे गेले. इतक्या वर्षांच्या सवयीची गोष्ट. ढांग टाकतो हे कोणाच्या लक्षातही नव्हतं. त्यामुळे साहेबांना सांगायला हवं, हेही कोणाला सुचलं नाही.

साहेबांनी झाकण काढून रंगाचा डबा पुलाच्या मध्यावर नेऊन ठेवायला इस्त्रीवाल्याकडे दिला आणि फाईल वाचत वाचत ते स्वतः निघाले. एक पाऊल. दोन पावलं. तीन.

मांडीपर्यंत आत गेले. फाईल उडाली आणि कालव्यात पडली. मी धावलो. जीव तोडून धावलो, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचे वेगवेगळे वृत्तांत गल्लीत सांगितले जातात. धावता धावता सवयीने मी तिसऱ्या फळीवरून ढांग टाकली. आता त्या जागी साहेब होते. मी साहेबांवरून ढांग टाकून पलीकडे गेलो, थांबता आलं नाही म्हणून तोल गेला आणि लाल रंगाच्या डब्यावर बसलो. जन्मभर इतरांवर लाल खुणा केल्या; त्या दिवशी माझ्यावर झाली, आणि जिथे झाली तिथे ती लपवता येण्यासारखी नव्हती.

सगळ्यांनी मिळून साहेबांना वर ओढलं. घोटा सुजून टम्म झाला होता. अक्का कठडा धरत पलीकडून आली. आधी साहेबांना म्हणाली, "खाली बघून चालायला काय झालं होतं?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू! अकरा वर्षं सांगते आहे." मला बरं वाटलं. महिनाभरात ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली होती.

साहेबांना आमच्या बाहेरच्या खोलीत निजवलं. अक्काने घोट्याला पट्टी बांधली, बायकोने चहा दिला, डॉक्टर येऊन सहा आठवडे पाय टेकू नका असं सांगून गेले. "हरकत नाही," साहेब कण्हत म्हणाले. "कामावर असताना लागलंय, रजा पगारी मिळेल. फक्त अपघाताचा फॉर्म आजच्या आज गेला पाहिजे." फॉर्म त्यांच्या बॅगेत होता. त्यांना निजून लिहिता येईना म्हणून मी तो उभ्यानेच भरायला घेतला. नाव, हुद्दा, वेळ. चौथ्या रकान्याशी माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"अपघात ज्या पुलावर झाला त्याचा क्रमांक," मी वाचलं.

जो पूल नाहीच, त्यातून कोणाचा पाय जाऊ शकत नाही; आणि पाय गेला नसेल तर माणूस सहा आठवडे विनाकारण घरी बसला, असाच अर्थ होतो. हे साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिलं. शेवटी ते आता आमच्या घरचे पाहुणे होते. मला त्यांची दयाच आली.

"मग घाला की नंबर," अक्का म्हणाली. "त्यात काय एवढं? तुमच्याच हापिसात पाडतात ना नंबर?"

साहेबांनी फोन मागितला. दप्तरवाल्या बाईंचा खणखणीत आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"पूल मोडला का?"

"मोडला, बाई."

"नक्की?"

"माझा पाय गेलाय त्यातून."

"मग आधी नाही का सांगायचं? एकशे चव्वेचाळीस घ्या. दुरुस्तीला माणसं पाठवते. आणि अपघाताची चौकशी पुरी होईपर्यंत पूल पाडता येणार नाही, हे तुमच्या लक्षात असेलच. त्या चौकशीची फाईलही मीच ठेवते."

मी चौथ्या रकान्यात १४४ लिहिलं. अंगावरून मोठं ओझं उतरलं. इतकं हलकं वाटलं की मी मागे सरून खुर्चीत आरामात टेकलो. आणि बायको ओरडली, कारण पँटचा रंग अजून वाळला नव्हता. ओरडू दे म्हटलं. खुर्ची काय, धुता येईल. अक्का खिडकीतून पलीकडे बघत होती. "पेटीची गाठ फार घट्ट बसली आहे," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "सोडायला येशील का रे?" मी तसाच, लाल पँटनिशी, तिच्याबरोबर गेलो. गाठ दोघांनी मिळून सोडवली. तिचे डोळे भरले होते आणि माझेही, पण गाठ खरोखरच घट्ट होती, असं आम्ही दोघंही म्हणालो.

पालिकेच्या माणसांनी येऊन तिसरी फळी नवी घातली, सोळा खिळे मारले आणि कठड्याला पितळेचा बिल्ला लावला : १४४. गल्लीने मला माफ केलं. सहा प्रतींमुळेच हे झालं, असं वकीलसाहेब आजही सांगतात. मी फळी अकरा वर्षं ठोकली नाही म्हणून पूल वाचला, हे कोणीच सांगत नाही. माझ्या आळसाचं श्रेय मला देण्याइतकं मन कोणाचं मोठं नाही.

गेल्या आठवड्यात पुस्तिकेची दुसरी आवृत्ती तपासायला आली. ती मी घरी आणली. शेवटच्या पानावर एक नवी ओळ होती : 'पूल क्रमांक १४४. लाकडी, पादचाऱ्यांसाठी. बांधकाम : चालू वर्षी.'

शंभर वर्षांची चूक! एकतीस वर्षांत एवढी मोठी चूक माझ्या पेन्सिलीखाली आली नव्हती. हात खिशाकडे गेला. पेन्सिल बाहेर आली. आणि तिचं टोक त्या ओळीवर टेकणार, एवढ्यात घड्याळात सव्वाचार झाले. पुलावर पावलं वाजली. शेवटी थोडं थांबून एक मोठी ढांग, मग दोन पावलं.

"फळी पक्की झाली आहे आता, अक्का," ती दारात आल्यावर मी म्हणालो. "सोळा खिळे आहेत."

"असतील. पण फळी तुझी आहे," ती म्हणाली आणि चष्मा लावून माझ्या खांद्यावरून कागदात वाकली. तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. "अरे, हे चूक आहे."

"आहे."

"मग?"

मी पेन्सिलीचं टोक ओळीच्या वर तसंच धरून ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून पुलाकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता शंभर वर्षं कोणी विचारायला येणार नाही. चहा टाकायला सांग."

मी पानाखाली 'दुरुस्ती नाही, छापावे' असं लिहिलं, सही केली आणि पेन्सिल खिशात ठेवून दिली.